कोयोटीच्या कामाला मी नव्हते

मित्रांनो, मी एक म्हातारी रायफल आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. वायोमिंगमधल्या एका मेंढरंवाल्याच्या घरात, शेकोटीच्या वर, दोन खुंट्यांवर मला आडवं टांगून ठेवलं आहे. खाली पितळेची पाटी लावली आहे. येणारा-जाणारा मान वर करतो आणि म्हणतो, "वा, काय देखणी आहे!" आहेच मी देखणी. पण माझ्या नळीतून एकदा चिंधी फिरवून बघा म्हणावं. लाल होऊन बाहेर येईल, इतका गंज चढलाय आत. वर मान, आत गंज, असं चाललंय माझं.

एकोणीसशे एक्कावन्न साली पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी. माझ्या काडतुसाला तीस-शून्य-सहा म्हणतात. तीस हे नळीच्या तोंडाचं माप आणि सहा म्हणजे ते काडतूस निघालं ते एकोणीसशे सहा साल. काडतूस चांगलं बोटाएवढं लांब आणि गोळी जड. ती लाकडातून जाते, हाडातून जाते आणि तरीही तिच्या अंगात जोर उरतो. मोठ्या जनावरासाठीच मला घडवलं होतं, त्यात माझा काही दोष नाही.

माझा पहिला धनी आल्व्हिन स्ट्राउड. हा माणूस बोलायचा कमी आणि मला चिंधीने पुसायचा जास्त. दर ऑक्टोबरला आम्ही दोघं डोंगरात एल्क मारायला जायचो. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरिण, त्याला खाली आणायला माझ्यासारखीच लागते. आल्व्हिनने मला घेऊन एकोणीस एल्क पाडले आणि एकालाही दुसरी गोळी लागू दिली नाही. हिवाळाभर सगळं घर ते मांस खायचं. घरी आलं की आधी माझी नळी साफ, मग त्याची कॉफी. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे.

आल्व्हिन मेंढरं पाळायचा, त्यामुळे कोयोटी त्याच्याही पाचवीला पुजलेले. कोल्ह्याहून थोरला, लांडग्याहून धाकटा आणि दोघांहून लबाड असा हा प्राणी. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की तो कोकरांवर टपून बसतो. पण आल्व्हिनने कोयोटीसाठी मला कधी हात लावला नाही. त्यासाठी त्याच्याकडे एक लहान तोंडाची रायफल होती. "जेवढं जनावर तेवढी गोळी," एवढंच तो म्हणायचा. पुढे ती लहान रायफल एका पुरात गाडीसकट वाहून गेली आणि त्यानंतर वर्षभरातच आल्व्हिन गेला. मी त्याच्या मुलाकडे, ड्वेनकडे आले. इथून माझे दिवस फिरले.

ड्वेन वाईट माणूस नव्हता. तसा असता तर सोपं झालं असतं, मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याला फक्त बापाएवढं व्हायचं होतं आणि बापाची रायफल मिरवली की आपण तेवढे होतो असं त्याला वाटायचं. त्याने मला आपल्या पिकअपच्या मागच्या काचेला टांगलं. उन्हात, धुळीत, खड्ड्यांत मी आदळत राहायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसले पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

आता खरी गोष्ट. शहाऐंशी सालचा वसंत होता. ड्वेनच्या आठशे मेंढ्या राखायला फाउस्तो वामान नावाचा माणूस होता, पेरू देशातल्या उंच डोंगरांतला. तीन वर्षांच्या करारावर तो आला होता, ते तिसरं वर्ष. कुरणावर चाकांचं एक घर असतं, आत चूल आणि पलंग, त्यात तो एकटा राहायचा. एकटा म्हणजे त्याची पालोमा सोडून. पालोमा ही पांढरीशुभ्र, वासराएवढी कुत्री. अशी कुत्री पिल्लू असतानाच मेंढ्यांत सोडतात, म्हणजे ती स्वतःला मेंढीच समजते आणि कळपासाठी जीव देते. तिला कुरवाळायचं नाही, लाड करायचे नाहीत, असा तिथला दंडक. फाउस्तोने तो मोडला होता. जेवताना तो पहिला घास तिला द्यायचा आणि म्हणायचा, "खा गं पांढरे, मालकाला सांगू नकोस."

त्या मार्चमध्ये ड्वेन फाउस्तोला म्हणाला, "हे बघ, यंदा कोयोटींनी विसाच्या वर कोकरं नेली नाहीत, तर तुझ्या भावालाही बोलावून घेतो. कागद मी करतो."

फाउस्तोचा धाकटा भाऊ विल्मर गावाकडे दुसऱ्याच्या शेतात राबत होता. फाउस्तोने टोपी काढली आणि विचारलं, "वीस, मालक? नक्की?"

"वीस. स्ट्राउडचा शब्द आहे."

त्या दिवसापासून फाउस्तोने चुलीमागच्या फळीवर कोळशाने रेघा ओढायला घेतल्या. कोकरू गेलं की एक रेघ. वीस रेघांच्या आत राहायचं आणि भावाला आणायचं, दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. एप्रिल उजाडेपर्यंत सात झाल्या. कोयोटींची एक जोडी होती, मोठी धूर्त. पालोमा एका बाजूला धावली की दुसरा दुसरीकडून घुसायचा.

फाउस्तोने रायफल मागितली. मागताना त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "मालक, लहान द्या. मेंढ्या पांगलेल्या असतात, कोण कुठे बसलंय कळत नाही. गोळी कोयोटीतच राहिली पाहिजे."

म्हणून ड्वेन मला घेऊन गावातल्या बर्निसच्या दुकानात गेला. खिळे, दोऱ्या, बूट आणि मागच्या भिंतीला बंदुका, असं ते दुकान. बर्निस सत्तरीची, हातात सतत विणकाम. ड्वेनने मला काउंटरवर आडवं ठेवलं आणि म्हणाला, "हिची दुर्बीण जरा नेमाला लावून दे. कोयोटी मारायचेत."

बर्निसने सुया बाजूला ठेवल्या. "हिने? वेडा का खुळा तू? उंदराला कुऱ्हाड घेऊन निघालायस."

"का? मरणार नाही कोयोटी?"

"मरेल की. कोयोटी मरेल, त्याच्या मागचा खांब मरेल आणि खांबामागे कोणी असलं तर तेही मरेल. ड्वेन, ही एल्कची आहे. कोयोटीचं वजन किती, पंधरा किलो? त्याच्यातून हिची गोळी लोण्यातून जावी तशी जाईल." तिने मागून एक सडपातळ रायफल काढली. "ही बघ. बावीसचं तोंड, पण काडतुसात दारू भरपूर. गोळी इवलीशी आणि भन्नाट वेगाची. अडीचशे पावलांपर्यंत सरळ रेषेत जाते, नेम वर उचलावाही लागत नाही. कोयोटीच्या अंगात शिरली की आतल्या आत फुटते. पलीकडे निघायचं नाव नाही. धक्का नाही, कातडंही शाबूत."

मित्रांनो, मी ते ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घे रे बाबा, तिलाच घे. मला माझा मोठेपणा माहीत होता, म्हणून माझा निरुपयोगीपणाही माहीत होता.

पण स्टोव्हपाशी दोघं रिकामटेकडे बसले होते. त्यातला एक म्हणाला, "ड्वेन, गुलाबी पट्टा पण मागून घे हो तिला. शोभेल तुला." दुसरा खो-खो हसला.

ड्वेनचे कान लाल झाले. "आमच्या म्हाताऱ्याने हिच्याने एकोणीस एल्क पाडले, बर्निस. स्ट्राउडच्या घरात ही असताना पोरींची बंदूक यायची नाही."

"तुझा म्हातारा कोयोटीला हिच्याने मारत होता का? विचार की स्वतःला." बर्निसने आवाज खाली आणला. "बरं, विकत नको घेऊस. हंगामापुरती तशीच घेऊन जा, मी काही मागत नाही. तेही नको? मग निदान हलक्या गोळीची काडतुसं घे. हिच्यात बसणारी हलकी गोळी मिळते, ती लवकर फुटते तरी."

"घरात दोन खोकी पडलीत," ड्वेन म्हणाला आणि त्याने मला उचललं. त्या खोक्यांत आल्व्हिनची एल्कची काडतुसं होती, सगळ्यात जड गोळीची. तीन वेळा दार उघडून दिलं त्या बाईने, तिन्ही वेळा हा बाहेरच उभा राहिला.

घरी त्याची बायको नोरीन म्हणाली, "अरे, त्याने लहान मागितली होती ना? रात्रंदिवस मेंढ्यांत तो असतो, तू नसतोस."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत. त्याला कळतं, असंच म्हणतेय मी."

संध्याकाळी ड्वेनने मला फाउस्तोच्या हातात दिलं. फाउस्तोने काडतूस तळहातावर तोललं आणि त्याचा चेहरा उतरला. "मालक, ही मोठी. मागे मेंढ्या असतात."

"मग मेंढ्या मागे नसताना मार. माझ्या बापाची रायफल देतोय तुला. लोक नुसती हातात घ्यायला मागतात."

फाउस्तो "बरं, मालक" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ड्वेन गेल्यावर त्याने मला पुसलं, नळीतली पिकअपची धूळ काढली, काडतूस सरकवणाऱ्या बोल्टला तेल दिलं. आल्व्हिननंतर तीन वर्षांनी कोणीतरी मला नीट हाताळलं होतं. "बाईसाहेब," तो मला म्हणाला, "तुम्ही थोर घरच्या. पण हे काम तुमचं नाही, आणि माझंही नशीब बघा." तेव्हापासून मी त्याची बाईसाहेब.

पुढचे तीन आठवडे फाउस्तोने मला एकदाही वाजवलं नाही. चार वेळा कोयोटी दुर्बिणीतल्या नेमाच्या काट्यात आला. एकदा मागे मेंढी होती, एकदा मागे झुडपं होती आणि झुडपांत काय आहे ते दिसत नव्हतं. दोनदा अगदी जवळ नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या होत्या. माझा आवाज म्हणजे आभाळ फाटल्यासारखा, तो ऐकून मेंढी उधळते आणि ओलं कोकरू मागे टाकून जाते, मग त्याला जवळ घेत नाही. चारही वेळा त्याने बोट चापावरून काढून घेतलं. फळीवर रेघा मात्र चौदा झाल्या.

ड्वेन आला आणि त्याने रेघा मोजल्या. "चौदा? आणि माझी काडतुसं मोजू? तेवढीच्या तेवढी आहेत! मी तुला रायफल दिली की काठी?"

"मालक, मागे..."

"मागे, मागे! तुझ्या मागे-पुढेत माझी कोकरं चाललीत. भावाला आणायचंय ना? का नाही आणायचं?"

फाउस्तोने हातातला माझा पट्टा इतका पिळला की चामडं करकरलं.

दोन दिवसांनी अवकाळी बर्फ पडला. सकाळी सगळा उतार पांढरा, एक काळा ठिपका कुठे नाही. फाउस्तो पहाटेपासून एका दगडाआड बसला होता. पालोमा दिसत नव्हती, पण ती खालच्या ओढ्यात कळपाच्या कडेला असणार, तिथूनच तिचं भुंकणं आदल्या रात्री आलं होतं. मग उतारावर नर कोयोटी उतरला. दीडशे पावलांवर. तो थांबून वास घेऊ लागला.

फाउस्तोने घाई केली नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याने दुर्बिणीतून कोयोटीच्या मागचा सगळा उतार डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पाहिला. मेंढी नाही, झुडूप नाही, नुसता बर्फ. त्याने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. माझी गोळी कोयोटीच्या खांद्यामागे, जिथे लागायला हवी तिथेच लागली. आल्व्हिनचाही नेम याहून चांगला नव्हता.

कोयोटी जागच्या जागी बसला. आणि वरच्या उतारावर, नुसत्या बर्फात, कोणीतरी केविलवाणं ओरडलं.

एक मेंढी रात्री कळप सोडून वर जाऊन व्याली होती. ती थंडीने गारठून मेली होती आणि तिच्या कोकराला पोटाशी घेऊन पालोमा तिथे पडून होती. रात्रभर दोघींच्या अंगावर बर्फ साचला होता. पांढरी कुत्री, पांढरा बर्फ. कोणाला दिसणार? लहान गोळी कोयोटीत फुटून संपली असती. माझी कोयोटीतून आरपार गेली, ऐंशी पावलं वर चढली आणि पालोमाच्या बरगडीत थांबली.

फाउस्तो मला टाकून पळाला. बर्फात दोनदा पडला. मी दगडापाशी पडून त्याचं ओरडणं ऐकत होते, "पांढरे! ए पांढरे!" थोड्या वेळाने ओरडणं थांबलं. बऱ्याच वेळाने तो खाली आला. कोटाच्या आत जिवंत कोकरू होतं आणि हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले होते. मला तो रडताना दिसला असता तर बरं वाटलं असतं. तो रडत नव्हता.

दुपारी ड्वेन आला. पालोमाला बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. "काय केलंस हे? एवढी जातिवंत कुत्री! नेम चुकला तुझा."

"चुकला नाही, मालक. कोयोटी खाली पडलाय. चला, दाखवतो. गोळी आत कुठून गेली, बाहेर कुठून आली, दोन्ही दाखवतो."

"मला काय दाखवतोस? कुत्री मेलीय ना समोर? मग चुकलाच."

"मालक, ऐंशी पावलं आहेत फक्त. एकदा बघा."

ड्वेन ती ऐंशी पावलं चालला नाही. त्याला बरोबर माहीत होतं तिथे काय दिसेल. तो पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला. कोयोटी तिथेच पडून राहिला, दोन दिवसांत कावळ्यांनी त्याची भोकंही पुसून टाकली.

पालोमा गेली आणि कळप उघडा पडला. उरलेली मादी आणि तिच्या मागून आलेले दुसरे कोयोटी रोज येऊ लागले. फाउस्तो तीन आठवडे धड झोपला नाही, कळपाभोवती घोड्यावरून फिरत राहिला, डबे वाजवत राहिला. माणूस किती बाजूंनी धावणार? मेअखेर रेघा चौतीस झाल्या. एकविसावी ओढली तेव्हा कोळसा त्याच्या बोटांत मोडला. तरी उरलेल्या त्याने ओढल्या, कारण हिशेब चुकवायचा नाही हा त्याचा स्वभाव.

जूनमध्ये करार संपला. ड्वेनने तो वाढवला नाही आणि विल्मरचे कागद केले नाहीत. मेंढपाळ पुरवणाऱ्या लोकांना त्याने पत्र मात्र लिहिलं, 'माणूस कष्टाळू, पण नेमबाजीत कच्चा. राखणीची कुत्री मारली.' एवढ्या दोन ओळींनी त्या माणसाला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी फाउस्तोने मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता हा मला दगडावर आपटणार. मित्रांनो, त्याने आपटायला हवं होतं. पण त्याने गजाला चिंधी गुंडाळली आणि माझी नळी साफ केली, शेवटची चिंधी कोरी निघेपर्यंत. दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. पट्ट्याला मेण लावलं. नोरीनच्या हातात मला देताना तो म्हणाला, "बाईसाहेबांना सांभाळा. त्यांची चूक नाही." नोरीन दाराला धरून उभी राहिली.

आणि पुढच्याच आठवड्यात ड्वेन बर्निसच्या दुकानातून ती बावीसची सडपातळ रायफल घेऊन आला. नोरीन सांगत होती, बर्निस त्याला म्हणाली, "आता सुचलं होय? कुत्री जाऊन, माणूस जाऊन?" आणि तिने त्याच्याकडे न बघता पावती केली. त्या लहान रायफलने चांगलं काम केलं. त्या वर्षीपासून कोयोटीची गोळी कोयोटीतच राहते. मला भिंतीवर चढवलं, पाटी लावली, 'आल्व्हिन स्ट्राउड, एकोणीस एल्क'. पाहुणे आले की ड्वेन चहाकॉफी देतो आणि सांगतो, "हिच्याने एकदा त्या पेरूवाल्याने आमची कुत्री मारली. गरीब होता बिचारा, पण नेम नव्हता त्याला." पाहुणे हळहळतात. कोणाबद्दल हळहळतात? माझ्याबद्दल! एवढी चांगली रायफल, म्हणे, कसल्या माणसाच्या हातात गेली.

आठ वर्षांनी फाउस्तोचं पत्र आलं. नोरीनने ते इथेच, शेकोटीपुढे वाचलं. तक्रार नाही, मागणं नाही. विल्मर खाणीत कामाला लागला होता आणि तिथेच दरड कोसळून गेला, हे एका ओळीत. आणि शेवटी एक विचारणा, 'पालोमाने राखलेलं ते कोकरू जगलं का?'

"कुठलं कोकरू?" ड्वेन म्हणाला.

मित्रांनो, अशा आत्मवृत्तांच्या शेवटी जुन्या वस्तू तुमच्याकडे काही मागतात. तेल लावा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. गंज चढतोय तो चढू द्या. पुढे तुम्ही कोणाच्या हातात काही काम द्याल, तेव्हा त्याला आधी विचारा, तुला काय लागतं, आणि त्याने सांगितलं की ऐका. आणि कधी या घरी आलात आणि ड्वेनने ती गोष्ट सांगायला घेतली, तर मध्येच उठून सांगा, फाउस्तो वामानचा नेम चुकला नव्हता. मी इतकी वर्षं भिंतीवरून तेच ओरडते आहे, पण रायफलला एकच आवाज दिलेला असतो.